अडतीस इंचांचा ओटा

"दाराला कडी हवी," कुमुदकाकू म्हणाल्या. "आणि ती आतून."

मी हातातली टेप तशीच धरून उभी राहिले. "स्वयंपाकघराला? आतून कडी?"

"हो. आणि खिडकीला ती दुधी काच असते ना, बाथरूमला लावतात, ती."

"काकू, आता लोक भिंतीच काढून टाकतात. ओपन किचन म्हणतात त्याला. हॉल आणि किचन एकच. बाई स्वयंपाक करता करता पाहुण्यांशी बोलते, टीव्ही बघते..."

"मला कोणाशी बोलायचं नाही आणि टीव्हीही बघायचा नाही. लिही तू. कडी."

मी 'कडी' असं लिहिलं आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं. तेवढ्यात हॉलमधून खणखणीत आवाज आला, "पाणी!" आणि काकू पदर खोचत धावल्या.

आवाज भंगाळे सरांचा होता. जळगावात चाळिशीच्या आतल्या कोणालाही विचारा, भंगाळे सरांचं नाव काढलं की माणूस आधी ताठ बसतो. एकतीस वर्षं त्यांनी आमच्या शाळेत गणित शिकवलं. आठवीत मला छत्तीस मार्क मिळाले तेव्हा पेपर हातात देताना ते एवढंच म्हणाले होते, "फालक, पुढच्या वेळी पेपर कोरा दे. तपासायचे कष्ट तरी वाचतील." आता मी इंटिरियरचा डिप्लोमा करून, गळ्यात टेप अडकवून त्यांच्याच घरात उभी होते, तरी "पाणी!" ऐकल्यावर मलाही धावत जाऊन तांब्या भरावासा वाटला.

ही बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा मॉड्युलर किचनचं वारं आमच्याकडे नुकतंच शिरलं होतं. हँडल नसलेली कपाटं, हळूच आपोआप मिटणारे ड्रॉवर, कोपऱ्यातून फिरत बाहेर येणाऱ्या जाळ्या, हे बघायला लोक रविवारी मुलाबाळांसह शोरूमला येत आणि एसीत तासभर बसून जात. माझे मालक निकुंभसाहेब. दीड वर्ष त्यांनी मला फोन उचलायला आणि गिऱ्हाइकांना सरबत द्यायला ठेवलं होतं. शेवटी भंगाळ्यांच्या जुन्या कपाटांना वाळवी लागली, ऑर्डर आली, आणि बाकीचे दोन डिझायनर नेमके सरांचेच विद्यार्थी निघाल्यामुळे दोघांनीही तब्येतीची कारणं सांगितली.

"तू जा," निकुंभसाहेब म्हणाले. "पहिलं किचन तुझं. आखाजीच्या आधीच्या रविवारी फोटोग्राफर घेऊन येतो, आपल्या नव्या पुस्तिकेवर हेच छापायचं. जमलं तर डिझायनर. नाही जमलं तर मृणाल, मग फोनसुद्धा दुसरीकडे उचल."

त्यांना भंगाळ्यांचंच किचन पुस्तिकेवर का हवं होतं, ते सांगायला हवं. कुमुदकाकूंचे मांडे. आमच्या खानदेशात पुरणपोळी तव्यावर नाही, खापरावर होते. मातीचं मोठं खापर विस्तवावर उपडं घालायचं, पुरण भरलेली कणकेची चपटी गोळी हातांवर घेऊन या हातावरून त्या हातावर फिरवत वाढवायची, आणि ती कोपरापर्यंत आली की अलगद खापरावर सोडायची. जमणाऱ्या बाया गावात बोटांवर मोजण्याइतक्या उरल्यात, आणि त्यांत काकूंचं नाव पहिलं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्यांच्या घरून मांड्यांचे डबे निघत. महिला मंडळाच्या अध्यक्ष शैलजाताई सरोदे त्यांना भर सभेत 'मांड्यांची राणी' म्हणत. मात्र काकूंना मांडे करताना कोणी पाहिलं नव्हतं. "नजर लागते, मांडा फाटतो," असं त्या सांगत, आणि असा मांडा करणाऱ्या बाईला कोण उलट विचारणार?

काकू पाणी देऊन परत आल्या. मी म्हटलं, "सरळ उभ्या राहा आणि कोपर दुमडा." ओट्याची उंची अशीच काढतात. उभ्या माणसाचं कोपर जमिनीपासून किती, त्यातून चार इंच वजा. काकू चार फूट दहा इंच. हिशेब बत्तीस इंचांचा आला.

"अडतीस कर," काकू म्हणाल्या.

"अडतीस? काकू, तुमच्या छातीला लागेल."

"मला सवय आहे उंच ओट्याची."

मी जुना ओटा मोजला. एकतीस इंच होता.

"आणि वरची कपाटं नकोत," त्या घाईघाईनं म्हणाल्या. "हात फिरायला जागा लागते."

माझी खात्रीच पटली की या बाईला आपलं आपल्याला काय हवंय तेच कळत नाही. डिप्लोमाला आमच्या मॅडम सांगायच्या, गिऱ्हाईक तोंडानं खोटं बोलतं, हातांनी नाही. म्हणून त्याला एक दिवस स्वयंपाक करताना बघा. मी तेच मागितलं. काकूंनी एक दिवस उपास सांगितला, एक दिवस डोकेदुखी सांगितली, एकदा मांजर व्यालंय म्हणाल्या. चौथ्या दिवशी मी सकाळी साडेनऊलाच जाऊन स्वयंपाकघरात स्टुलावर बसले आणि वही उघडली.

"साधंच करते," काकू म्हणाल्या. "वरण-भात, वांग्याची भाजी, पोळ्या." आणि मग बराच वेळ त्या स्वयंपाकघराच्या मधोमध, चुकीच्या स्टेशनवर उतरल्यासारख्या उभ्या राहिल्या.

त्यांनी एक डबा उघडला. त्यात साखर निघाली. दुसरा उघडला, त्यात रवा.

"हळद कुठे असते हेसुद्धा सांगायला लागतं का या घरात?" हॉलमधून सर गरजले. "वरच्या फळीवर, डावीकडून तिसरा डबा! तीस वर्षं तिथंच आहे!"

काकू स्टुल मागायला लागल्या. मी उठले, त्या चढल्या, हळद काढली. मी वहीत लिहिलं: 'हळद कुठे ठेवायची हे सर ठरवतात. तीही काकूंचा हात पोहोचणार नाही अशा जागी.'

तेल तापलं. काकूंनी मोहरी टाकली आणि लगेच जिऱ्याचा चमचा उचलला.

"तडतडल्याचा आवाज आला नाही अजून!" हॉलमधून. "घाई कसली झालीय?"

चमचा जागच्या जागी थांबला. मोहरी तडतडली. जिरं पडलं.

"वास येतोय! जळतंय! गॅस बारीक करायचा असतो, एवढंही कळत नाही?"

गॅस बारीक झाला. पहिली पोळी लाटून झाली तेव्हा तिला पाच कोपरे होते. एवढ्या कडक गणिताच्या मास्तरांच्या घरात ती पोळी बघून मला भीतीच वाटली. "तू बघतेस म्हणून हात थरथरतोय गं," काकू कसनुसं हसत म्हणाल्या.

मी म्हटलं, "असू द्या काकू." पण आतून माझा संताप झाला होता. एवढी नावाजलेली बाई, पंचक्रोशीत जिच्या हाताची तारीफ, आणि घरात तिला मोहरी टाकायचीही मुभा नाही! जन्मभर त्या बंद खोलीत ही धाकात वावरली, म्हणून तिला आता कडी हवी, दुधी काच हवी. पिंजऱ्यातल्या पोपटाला दार उघडं नको वाटतं, तशातलं झालंय. हिला कोणीतरी सोडवलं पाहिजे. आणि वयाच्या चोविसाव्या वर्षी, पहिलंच किचन हाती आल्यावर, तो कोणीतरी म्हणजे आपणच असं वाटायला वेळ लागत नाही.

मी काकूंचं काही ऐकलं नाही. ओटा त्यांच्या मापाचा, बरोबर बत्तीस इंच केला. हळद त्यांच्या हाताशी येईल असा ड्रॉवर दिला. फॅशनप्रमाणे वर एका ओळीत कपाटं लावली. भिंत पूर्ण पाडू दिली नाही त्यांनी, पण भिंतीला मी पाच फुटांची रुंद मोकळी चौकट पाडून घेतली, हॉलमध्ये बसलेल्या सरांना बायकोचे कष्ट समोर दिसावेत म्हणून. दाराला कडी लावली नाही. विसरले असं सांगितलं.

काम पूर्ण झालं त्या दिवशी काकूंनी सगळीकडे नजर फिरवली. "छान झालंय," त्या म्हणाल्या. लोक दहाव्याला 'गर्दी बरीच होती' म्हणतात, तसा आवाज होता. सर आत आले, नव्या ओट्यापुढे क्षणभर उभे राहिले, कमरेवर हात ठेवला, आणि पेपर वाचायला निघून गेले. मला वाटलं, बरी जिरली.

पाच दिवसांनी भर दुपारी मी चिमणीची जाळी द्यायला गेले. ऊन असं होतं की रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. दार लोटलेलं. हाक मारणार तेवढ्यात दिसलं, की मी पाडलेल्या त्या सुंदर चौकटीला दोरी बांधून दोन चादरी वाळत घातल्यात. चादरी कोरड्या खडखडीत होत्या. आतून काकूंचा वाचल्यासारखा आवाज येत होता.

"...केळीचे भाव पुन्हा उतरले. रावेर तालुक्यात वादळानं नुकसान. निधनवार्ता वाचू का?"

"वाचा. कोण कोण गेलं बघू."

मी चादरीची कड बाजूला केली.

काकू खुर्चीत बसल्या होत्या. पाय दुसऱ्या खुर्चीवर, डोळ्यांवर चष्मा, हातात पेपर. आणि ओट्याशी भंगाळे सर. अंगात बनियन, कमरेला पंचा, पंचाच्या वर दुखऱ्या पाठीचा पट्टा. गॅसवर खापर तापलेलं. सर ओट्यावर जवळजवळ घडी घातल्यागत वाकले होते, आणि त्यांच्या दोन्ही हातांवर एक भला मोठा, पातळ, आरपार उजेड दिसेल असा मांडा फिरत होता. या हातावरून त्या हातावर, त्या हातावरून या हातावर, आणि दर फेरीला तो वाढत होता. जमिनीवर बसून करतात तो मांडा मी आजीच्या काळी पाहिला होता. असा नव्हता पाहिला.

मग त्यांनी शेवटची फेक घेण्यासाठी कोपर वर नेलं आणि ते माझ्या कपाटाच्या उघड्या दारावर खाडकन आदळलं. मांडा मधोमध फाटला. कपाटाचं दार भारी कंपनीचं असल्यामुळे आवाज न करता हळूच मिटलं.

"सर!" माझ्या तोंडून निघालं.

"फालक!" ते मागे न बघताच कडाडले. "आत येताना विचारायची पद्धत असते!"

मी पटकन चादर सोडली, बाहेर जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "येऊ का सर?" मग काकूंचा आवाज आला, "ये बाई आता. पाहिलंसच सगळं."

आत गेले तेव्हा सरांनी शर्ट चढवला होता, बटणं खालीवर लागली होती. पिठाचे हात मागे लपवून ते खिडकीकडे बघत होते. त्या माणसाला लाजलेलं बघणं फार कठीण होतं. मला वाटलं, याहून मला पुन्हा छत्तीस मार्क दिले असते तर बरं.

काकूंनीच सांगितलं. त्यांचं माहेर कल्याणचं, वडील रेल्वेत. लग्न होऊन आल्या तेव्हा मांडा हा शब्दही माहीत नव्हता. सासूबाईंना मुलगी नव्हती, म्हणून त्यांनी लहानपणीच मुलाला शेजारी बसवून शिकवलेलं. नवी सून सहा महिने रोज खापरावर हात भाजून घेत होती आणि रोज मांडा फाटत होता. पहिली आखाजी आली. सगळी भाऊबंदकी जेवायला. सासूबाई तापानं फणफणलेल्या.

"ह्यांनी दार लावून घेतलं आणि चाळीस मांडे केले," काकू म्हणाल्या. "मी वाढायला घेऊन गेले. सगळे म्हणाले, सून लाखात एक मिळाली. सासूबाईंनी पांघरुणातून मला डोळ्यांनी दटावलं, गप्प बस. त्यानंतर बोलायची वेळच गेली. झाकली मूठ सव्वा लाखाची, तेव्हा झाकली ती झाकलीच."

"आणि ते सगळं ओरडणं? मी आले होते त्या दिवशीचं?"

"मग काय करणार?" सर पहिल्यांदा बोलले. "हिला हळद कुठे आहे ते माहीत नाही. तुझ्यासमोर हळू आवाजात सांगितलं असतं तर तू काय म्हणाली असतीस?"

"साधा स्वयंपाकही तुम्हीच..?"

"मी चहा चांगला करते," काकू म्हणाल्या.

"बरा," सर म्हणाले.

मी टेप काढली. "सर, सरळ उभे राहा आणि कोपर दुमडा." आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझं मुकाट्यानं ऐकलं. पाच फूट अकरा इंच. कोपरापासून चार इंच वजा केले. अडतीस. बरोबर अडतीस.

"मी सांगत होते तुला," काकू म्हणाल्या. "पाठ गेली गं ह्यांची वाकून वाकून. म्हटलं, निदान नवीन करतोय तर ह्यांच्या मापाचं व्हावं. तू माझ्याच मापाचं केलंस."

माझी मान वर होईना. मी कोणाची सुटका करायला निघाले होते आणि कोणाची पाठ मोडून बसले होते! सर एवढंच म्हणाले, "फालक, हे इथून बाहेर जाता कामा नये. माझं काय, लोक हसतील चार दिवस. हिचं नाव आहे गावात." मी शब्द दिला.

शब्द दिला खरा, पण निकुंभसाहेबांना कारण तर सांगावं लागणार होतं. मी सांगितलं, माझं माप चुकलं. त्यांनी काय काय म्हटलं ते इथे लिहीत नाही. शेवटी म्हणाले, "रविवारी मी स्वतः येतोय. पुन्हा एक जरी चूक दिसली तर सोमवारी येऊ नकोस." आम्ही खालच्या कपाटांचे पाय बदलून ओटा सहा इंच वर घेतला. खापर मुळातच उंच, म्हणून त्याचा गॅस तेवढा थोडा खाली बसवला. वरची अर्धी कपाटं काढून टाकली. चौकटीला सरकतं दार केलं, आणि दोन्ही दारांना आतून कडी. सरांनी हात मोकळे फिरवून बघितले, कुठेच काही लागलं नाही. "सुटलं गणित," ते म्हणाले.

रविवारी सकाळी महिला मंडळ आलं. आखाजी तीन दिवसांवर, आणि काकूंचं नवं किचन बघायचं म्हणून पंचवीस-तीस बाया हॉलमध्ये आणि पाच-सात आत. निकुंभसाहेब नवा सदरा घालून फोटोग्राफरसह हजर. सर हॉलच्या कोपऱ्यात पेपर उघडून बसलेले.

"ताई, ओट्याशी उभ्या राहा," फोटोग्राफर म्हणाला. काकू उभ्या राहिल्या. त्यानं कॅमेऱ्यातून बघितलं, कॅमेरा खाली केला, पुन्हा बघितलं. चित्रात फक्त काकूंचं डोकं आणि पुढे दगड येत होता.

"व माय!" शैलजाताई सरोदे ओरडल्या. "हे काय व कुमुद? ओटा तं तुह्या छातीले लागून राह्यला! यावर तू मांडे करशील कशी? शिडी लावशील?"

बाया हसल्या. निकुंभसाहेबांचा चेहरा आधी पांढरा आणि मग तांबडा झाला. "मापं कोणी घेतली?"

"मी," मी म्हटलं.

"कोणाची घेतलीस? उंटाची?"

मी पेपरामागच्या सरांकडे बघितलं नाही. काकूंकडेही नाही. "चुकलं, साहेब," मी म्हटलं.

"दुसऱ्यांदा! आधी खुजा, आता ताडमाड! उद्यापासून येऊ नकोस. टेप इथेच ठेव आणि घरी जा."

मी टेप ओट्यावर ठेवली. खरं सांगते, डोळे भरून आले होते आणि रागही आला होता, सगळ्यांचाच. मी दाराकडे वळले.

"तिचं काही चुकलं नाही," काकू म्हणाल्या.

आवाज बारीक होता, पण सगळ्यांनी ऐकला. काकूंनी ओट्याची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली होती.

"माप बरोबर आहे. मी नाही करत मांडे. मला येतच नाहीत. हे करतात. हा ओटा ह्यांच्या मापाचा आहे."

मग शैलजाताईंनी काकूंना मिठीच मारली.

"पाह्यलं बायांनो? याला म्हणतात मन! पोरीची नोकरी वाचावी म्हणून बिचारी काय सांगून राह्यली! म्हणे भंगाळे सर मांडे करतात!"

आणि सगळं घर हसायला लागलं. "सर आणि मांडे!" "अगं, ते तर उठून पाण्याचा पेलासुद्धा घेत नाहीत!" "पुरणात भूमिती घालतात वाटतं!" काकू "अहो खरंच, देवाशपथ," म्हणत होत्या आणि त्या जितक्या शपथा घालत तितकी त्यांच्या मोठ्या मनाची वाहवा होत होती. खरं बोलून बसल्या तरी कोणी ते घ्यायला तयार नव्हतं. निकुंभसाहेबांनी मला हातानं 'निघ' अशी खूण केली.

तेव्हा पेपरची घडी झाल्याचा आवाज आला.

"सरोदेबाई," सर म्हणाले, "हसायला काय झालं?"

बाया ताठ झाल्या. त्यातल्या निम्म्या बायांची मुलं सरांच्या हाताखालून गेली होती आणि पाव बाया स्वतःच गेल्या होत्या. सर आत आले. बाया भिंतीला चिकटून त्यांना वाट देत होत्या. त्यांनी शर्ट काढून खुंटीला लावला, हात धुतले, कमरेला पंचा बांधला.

"कणीक?"

"सकाळीच भिजवलीत तुम्ही," काकू म्हणाल्या. "फडक्याखाली आहे. पुरण डावीकडे."

सरांनी गॅस पेटवला, खापर चढवलं, आणि सरकतं दार सताड उघडलं. हातच्या कांकणाला आरसा कशाला! त्यांनी गोळा घेतला, पुरण भरलं, कडा दाबल्या, आणि तो हातांवर उचलला. पाठ ताठ, मान ताठ, फळ्यापुढे उभे राहायचे तसेच. मांडा फिरायला लागला. हातावरून मनगटावर, मनगटावरून कोपराकडे, पातळ होत होत, आणि कुठेही, कशालाही न लागता. एका बाईच्या तोंडून "अगं आई" निघालं. सरांनी तो खापरावर सोडला तेव्हा तो न चुरगळता पसरला आणि घरभर खमंग वास सुटला.

पहिला मांडा शैलजाताईंच्या हातात गेला. त्यांनी तुकडा मोडला, तोंडात टाकला, डोळे मिटले. मला वाटलं, आता त्या काय म्हणतील त्यावर काकूंची तीस वर्षं अवलंबून आहेत.

"सर," त्या म्हणाल्या, "कणीक किती वेळ तिंबता हो?"

"हात वर करून विचारा."

शैलजाताईंनी खरोखर हात वर केला. मग सगळ्यांचेच हात वर झाले. गहू कोणता, पुरणात गूळ की साखर, माझा मांडा कडेलाच का फाटतो. सर एकेकीला बोट दाखवून विचारत होते, चुकीच्या उत्तराला "बसा खाली" म्हणत होते, आणि दुसरा मांडा फिरवत होते. निकुंभसाहेब फोटोग्राफरला ढोसत म्हणत होते, "घे, घे, ह्यांचाच घे," आणि लगेच कोणालातरी सांगत होते, "आमच्याकडे साहेबांच्या मापाचंही करून मिळतं, ही आमची खासियत आहे." माझ्या नोकरीचा विषय त्यांनी काढला नाही. मीही काढला नाही. सोमवारी वेळेवर गेले.

त्या गर्दीत काकू कुठे दिसेनात. मी शोधत मागच्या अंगणात गेले. त्या धुण्याच्या दगडावर बसून पदरानं डोळे पुसत होत्या. मला अपराधी वाटलं. माझ्यापायी त्यांचं एवढ्या वर्षांचं नाव गेलं होतं, आत त्यांच्याकडे कोणी वळूनही बघत नव्हतं.

"काकू, माझ्यासाठी नव्हतं बोलायचं तुम्ही," मी म्हटलं. "किती जपलं होतंत."

"वेडी आहेस का?" काकू म्हणाल्या. "ऐक ना आत काय चाललंय."

आतून शैलजाताईंचा आवाज येत होता, "सर, खरं सांगते, तुमच्या हाताले चव आहे."

"तीस वर्षं हे वाक्य लोक मला ऐकवायचे," काकू म्हणाल्या, "आणि हे शेजारी पेपर तोंडापुढे धरून बसायचे. लोक गेल्यावर मी दर वेळी सांगायचे, अहो, ते तुम्हालाच म्हणाले. पण मी सांगणं वेगळं गं. आज पहिल्यांदा ज्याचं त्याला मिळालं."